द्राक्षाच्या मण्यातली तीन शास्त्रं

2010 सालच्या एप्रिलमध्ये भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपच्या बंदरांवर अडकले. त्यातला मोठा वाटा नाशिक जिल्ह्याचा होता. माल देखणा होता. मण्याची फुगवण, रंग, गोडी, देठाचा हिरवेपणा, सगळं खरेदीदाराच्या मापात बसत होतं. निघताना प्रयोगशाळेचा दाखलाही सोबत होता. तरीही तिकडच्या तपासणीत क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचा अंश सापडला. युरोपीय संघाची मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम, आणि सापडलेला अंश त्याहून जास्त होता. माल नाकारला गेला, भाव कोसळले, निर्यातदारांची रक्कम अडकली आणि हंगामभर उधारीवर बाग जगवलेल्या बागायतदाराच्या हाती पैसेच आले नाहीत.

किलोमागे 0.05 मिलिग्रॅम म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग. एका कंटेनरात साधारण 13 टन द्राक्षं मावतात. त्या अख्ख्या कंटेनरात मिळून या रसायनाचा अंश 650 मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅमही भरणार नाही, एवढाच चालेल असं ही मर्यादा सांगते.

एवढ्याशा अंशाने एका जिल्ह्याचं अर्थकारण हलतं, तेव्हा तीन प्रश्न उभे राहतात. हे रसायन मण्यात आलं कुठून आणि टिकलं कसं, हा पहिला. पर्यावरण विज्ञान आणि कृषी रसायनशास्त्र त्याचं उत्तर शोधतात. त्याने माणसाला किती अपाय होतो, हा दुसरा, सार्वजनिक आरोग्याचा. तोटा कोणी सोसायचा आणि बागायतदाराने काळजी घ्यावी यासाठी बाजाराची घडी कशी बसवायची, हा तिसरा, अर्थशास्त्राचा. विद्यापीठात हे तीन विभाग तीन वेगवेगळ्या इमारतींत बसतात. निफाड-दिंडोरीच्या बागेत मात्र तिन्ही एकाच वेलीवर लगडलेले असतात. त्यांतला एक प्रश्न सोडवला आणि दोन सोडून दिले, तर काय होतं हे नाशिकच्या द्राक्षाने फार स्पष्ट दाखवलं आहे.

उन्हाळ्यातली फवारणी, फेब्रुवारीतला घड

थंड देशांत वेल वर्षातून एकदा छाटतात, कारण हिवाळ्यात ती झोपी जाते. आपल्याकडे वेल झोपत नाही. म्हणून महाराष्ट्रात छाटणी दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरडछाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. फळ दुसऱ्या छाटणीनंतर दिसतं, पण त्याचा निकाल पहिल्या छाटणीनंतरच्या दोनेक महिन्यांत लागलेला असतो. नव्या काडीवरच्या डोळ्यात त्या काळात सूक्ष्म घड तयार होतो. वेलीची सगळी ताकद शेंडा वाढवण्यात गेली तर डोळ्यात घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता ताणा, धरते. म्हणून बागायतदार पाणी तोडतो, शेंडा मारतो आणि वाढ रोखणारं रसायन फवारतो. क्लोरमेक्वाट हे तेच रसायन. बागेत त्याला सगळे सीसीसी म्हणतात.

हे काम उन्हाळ्यात होतं आणि द्राक्ष काढायला येतं जानेवारी ते मार्चमध्ये. मधे पावसाळा, दुसरी छाटणी, नवी फूट, फुलोरा. एवढ्या काळात रसायन विरून जाईल असा सर्वांचा समज होता. पण ते वेलीच्या लाकडात साठून राहतं आणि पुढच्या फुटीबरोबर घडात उतरतं. पेअरच्या झाडांत असं होतं, हे युरोपातल्या अभ्यासकांनी त्याआधी पाहिलेलं होतं.

मग निघण्यापूर्वीच्या तपासणीत हे का दिसलं नाही? आजच्या प्रयोगशाळा एकाच चाचणीत शेकडो कीडनाशकं शोधतात. द्राक्षाचा लगदा करून तो सेंद्रिय द्रावकात घुसळतात, द्रावकात उतरलेले घटक वेगळे करतात आणि वस्तुमानमापक यंत्रावर एकेकाची ओळख पटवतात. क्लोरमेक्वाट हा पाण्यात सहज विरघळणारा क्षार आहे. तो द्रावकात उतरत नाही, मागे पाण्यातच राहतो. मोठ्या मासळीसाठी टाकलेल्या जाळ्यातून बारीक मासा निसटावा तसा तो त्या चाचणीतून निसटतो. त्याच्यासाठी स्वतंत्र पद्धत लागते, आणि स्वतंत्र पद्धत तेव्हाच वापरली जाते जेव्हा रसायनाचं नाव तपासणीच्या यादीत असतं. ते त्या वेळी यादीत नव्हतं. किडीवर किंवा रोगावर मारायच्या औषधांकडे सर्वांचं लक्ष होतं. वाढ रोखणाऱ्या रसायनाचा कोणी त्या अंगाने विचार केला नव्हता. त्या हंगामानंतर त्याचं नाव यादीत आलं, वापराचे नियम बदलले आणि त्याची तपासणी नेमाची झाली.

मर्यादा म्हणजे विषाची रेघ नव्हे

‘मर्यादेपेक्षा जास्त अंश’ अशी बातमी वाचली की फळ विषारी होतं, असा अर्थ आपण लावतो. इथे दोन वेगळी मापं आहेत आणि त्यांची गल्लत फार होते.

पहिलं माप आरोग्याचं. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ज्या मात्रेला कोणताही अपाय दिसत नाही, ती मात्रा घेतात आणि साधारणपणे तिला शंभराने भागतात. प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी दहा, माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी दहा. जो आकडा उरतो, तेवढं रसायन रोज, आयुष्यभर पोटात गेलं तरी चालेल असं मानतात. क्लोरमेक्वाटसाठी युरोपने हा आकडा शरीराच्या दर किलो वजनामागे 0.04 मिलिग्रॅम असा धरला आहे. 60 किलो वजनाच्या माणसासाठी तो दिवसाला 2.4 मिलिग्रॅम होतो. मर्यादेवर असलेली द्राक्षं खाऊन तिथवर पोचायला रोज 48 किलो द्राक्षं खावी लागतील. मर्यादेच्या वीसपट अंश असला तरी रोज 2.4 किलो, तेही जन्मभर.

दुसरं माप शिस्तीचं. शिफारस केलेल्या पद्धतीने औषध वापरलं तर काढणीच्या वेळी पिकात किती अंश उरतो हे प्रत्यक्ष शेतातल्या चाचण्यांवरून ठरवतात. आरोग्याच्या मापात तो बसतो हे पाहून त्याला कायद्याची मर्यादा करतात. एखाद्या पिकावर त्या रसायनाचा वापर अपेक्षितच नसेल, तर यंत्राला खात्रीने मोजता येईल तो सर्वांत लहान आकडा मर्यादा म्हणून ठेवतात. द्राक्षातल्या क्लोरमेक्वाटसाठी 0.05 हा असाच आकडा होता.

म्हणून 2010 मधला प्रसंग खाणाऱ्याच्या जिवावरचं संकट नव्हता. मर्यादा निरर्थक आहे असा मात्र याचा अर्थ नाही. मण्यात एकाच वेळी अनेक रसायनांचे अंश असू शकतात, लहान मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त फळ खातात, आणि मर्यादा ओलांडली की वापराची शिस्त कुठेतरी सुटली हे कळतं. मर्यादेचा आकडा पद्धतीबद्दल बोलतो. अपायाबद्दल बोलायला दुसरं माप लागतं.

न दिसणाऱ्या गुणाचा बाजार

आता तिसऱ्या शास्त्राकडे येऊ. गोडी चाखता येते, रंग दिसतो. अंश दिसत नाही. विकणाऱ्याला माहीत असलेली गोष्ट घेणाऱ्याला ठाऊक नसेल तर बाजाराचं काय होतं, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवलं. चांगली आणि वाईट गाडी ओळखता येत नसेल तर गिऱ्हाईक दोन्हींना मधला भाव देतं. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, ती बाजारातून निघून जाते, आणि उरतात ते वाईट नग. या विचारासाठी त्यांना 2001 मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला.

नाशिकच्या बागायतदारावर हीच वेळ आली होती. 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेट यांचे अंश मर्यादेबाहेर आढळले. कोणाच्या तरी एका बागेतला दोष सगळ्या द्राक्षांच्या माथी बसला. काळजीने फवारणारा आणि बेफिकीर फवारणारा, दोघांच्या मालाला युरोपात एकच नाव होतं : भारतीय.

यावर जो तोडगा निघाला तो भारतीय शेतमालाच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. ‘अपेडा’ या केंद्रीय निर्यात संस्थेने अंश-नियंत्रणाचा आराखडा आखला आणि 2006 मध्ये ‘ग्रेपनेट’ सुरू केलं. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची प्रत्येक बाग कृषी खात्याकडे नोंदवायची. तिला क्रमांक मिळतो. बागायतदार फवारणीची नोंदवही ठेवतो. काढणीपूर्वी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो, मोहोरबंद करतो. निकाल संगणकावर चढतो. बाग नापास झाली तर तो माल युरोपच्या वाटेला लागत नाही. पास झाली तर खोक्यावरच्या क्रमांकावरून परदेशातला दुकानदारही थेट त्या बागेपर्यंत मागे येऊ शकतो. पुण्याजवळ मांजरीला असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या सर्व तपासणीची संदर्भ प्रयोगशाळा झालं. महाराष्ट्रातल्या नोंदणीत नाशिक जिल्हा अर्थातच सर्वांत पुढे राहिला.

दोष एका बागेचा तर तोटाही त्याच बागेचा, ही सोय त्या क्रमांकाने केली. काळजीला भाव मिळाला. लहान शेतकरी या कडक नियमांपायी बाजाराबाहेर फेकला जाईल अशी भीती होती. देवेश रॉय आणि अमित थोरात या अर्थतज्ज्ञांनी ‘महाग्रेप्स’ या द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी निर्यात संस्थेचा अभ्यास 2008 मध्ये ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात मांडला. संस्थेच्या सभासदांचं उत्पन्न बाहेरच्यांपेक्षा जास्त होतं आणि लहान शेतकरी त्यातून वगळला गेला नव्हता. एकत्र आलं तर तपासणीचा आणि सल्ल्याचा खर्च वाटून घेता येतो. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांची कंपनी 2010 च्या त्या हंगामानंतर याच विचारावर उभी राहिली आणि वाढली.

पावसाचा हिशेब

आणखी एक साखळी या तिन्ही शास्त्रांना जोडते. सुरुवातीला बाजारात येणाऱ्या द्राक्षाला भाव चांगला मिळतो. म्हणून बागलाण तालुक्यातले शेतकरी इतरांच्या कितीतरी आधी, भर पावसाळ्यात फळछाटणी घेतात. पाऊस म्हणजे पानावर ओल आणि ओल म्हणजे डावणी हा वेलीचा रोग. डावणी आली की दोन-चार दिवसांआड फवारणी आणि पाऊस पडून गेला की पुन्हा फवारणी. भावाचा निर्णय रोगाचा धोका ठरवतो, रोगाचा धोका फवाऱ्यांची संख्या ठरवतो, आणि ती संख्या मातीत, पाण्यात, मण्यात आणि फवारणाऱ्याच्या शरीरात काय जाणार हे ठरवते. 2019 मध्ये पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला तेव्हा ऑक्टोबर छाटणीच्या बागाही याच फेऱ्यात सापडल्या.

डावणीवरचं सर्वांत जुनं औषध आजही नाशिकच्या बागांत आहे. हा रोग 1870 च्या दशकात अमेरिकेतून फ्रान्सला पोचला. बोर्दोचे वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मियार्दे यांना 1882 मध्ये रस्त्याकडेच्या काही वेलींची पानं धडधाकट दिसली. वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मालकाने त्यांवर मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण शिंपडलं होतं. त्यातून बोर्डो मिश्रण जन्माला आलं. मोरचुदातलं तांबं विरत नाही. वर्षानुवर्षं मातीच्या वरच्या थरात साठतं आणि तिथल्या जिवाणूंना, गांडुळांना मारक ठरतं. म्हणून युरोपने 2019 पासून सात वर्षांत हेक्टरी 28 किलोपेक्षा जास्त तांबं वापरायचं नाही असा नियम केला. खोक्यावरच्या क्रमांकामागे मण्याचा हिशेब आहे, मातीचा नाही. मातीत साठणाऱ्या तांब्याची किंमत आज द्राक्षाच्या भावात धरलेली नसते. ती पुढची पिढी भरते. आर्थर पिगू यांनी 1920 मध्ये अशाच किमतींकडे बोट दाखवलं होतं : व्यवहार दोघांचा, भार तिसऱ्यावर.

बागेवर प्लास्टिकचं आच्छादन घातलं तर पान कोरडं राहतं आणि फवारण्या कमी होतात. पण त्याला एकरी काही लाखांचा खर्च येतो. म्हणजे पर्यावरणाचा तोडगा पुन्हा कर्जाच्या आणि विम्याच्या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

बंदरावर न मोजलं जाणारं रसायन

फळछाटणी झाली की एक-दोन दिवसांत बागेत पेस्टिंगची टोळी येते. काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडचं द्रावण लावायचं असतं. एका हातात बादली, दुसऱ्या हातात स्पंज किंवा कापडाचा बोळा. काडी धरायची, डोळा पुसायचा, पुढची काडी. पेठ, सुरगाणा या तालुक्यांतून आलेली आदिवासी कुटुंबं हे काम बहुधा उक्तं घेतात. दर एकरावर ठरतो, म्हणून वेग महत्त्वाचा. रबरी हातमोज्याने काडीची पकड सुटते आणि हात सावकाश चालतो. हातमोजा काढून ठेवण्याचं कारण इथे अडाणीपणात शोधायचं नसतं, मजुरीच्या रचनेत शोधायचं असतं.

हे रसायन त्वचा भाजतं. त्याशिवाय दारू पचवणाऱ्या साखळीतलं एक विकर ते बंद पाडतं. अंगात हे रसायन असताना थोडीशी दारू घेतली तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, श्वास कोंडतो. इटलीत 2002 ते 2004 या काळात शेतकामगारांना झालेल्या अशा विषबाधांची वैद्यकीय नोंद झाली. पुढे युरोपीय संघाने आपल्या शेतांत त्याच्या वापराला मान्यता नाकारली; त्यामागे वापरणाऱ्याच्या आरोग्याची चिंता होती.

काढणीपर्यंत मण्यात या रसायनाचा मागमूस सहसा उरत नाही. त्यामुळे बंदरावरची तपासणी त्याला अडवत नाही. ज्या रसायनाने खाणाऱ्याला जवळजवळ धोका नव्हता, त्याने 2010 मध्ये कंटेनर थांबवले. जे रसायन लावणाऱ्याच्या हाताला आणि श्वासाला त्रास देतं, त्यासाठी एकही कंटेनर थांबत नाही. अंशाचं मोजमाप खोटं नाही, अपुरं आहे. ते मालाचा मागोवा घेतं, माणसाचा घेत नाही.

याची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. कपाशी निर्यात होते की नाही, तिच्या बोंडात अंश किती, याने त्या मृत्यूंत काही फरक पडला नसता.

मोजायची साधनं नाहीत असंही नाही. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीडनाशकं रक्तातल्या कोलिनएस्टरेज या विकराला दाबतात. कॅलिफोर्नियात 1974 पासून अशी औषधं नियमित हाताळणाऱ्या कामगारांची रक्ततपासणी बंधनकारक आहे. हंगामाआधी मूळ पातळी मोजतात. ती 80 टक्क्यांच्या खाली उतरली तर कामाची पद्धत तपासतात, आणखी घसरली तर त्या माणसाला फवारणीपासून दूर ठेवतात. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबभर रक्तावरही ही तपासणी आता बांधावर होऊ शकते.

देशातल्या खाणाऱ्याचाही प्रश्न आहेच. भारतात पिकणाऱ्या द्राक्षांपैकी साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी परदेशी जातो. बाकीची आपण खातो. देशी बाजारातले नमुने सरकारी योजनेखाली तपासले जातात, पण दादरच्या किंवा नाशिकच्या बाजारातल्या खोक्यावर बागेचा क्रमांक नसतो. क्रमांक नाही तर दोष बागेपर्यंत पोचत नाही, आणि काळजीला भावही मिळत नाही.

दिंडोरी रस्त्यावरच्या संस्था

जे मोजलं जातं त्याची काळजी घेतली जाते, हे नाशिकच्या मातीत आधीही सिद्ध झालं आहे. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचत नव्हतं. 1990 च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, मोजून वाटायचं आणि त्याचे पैसे भरायचे असं ठरलं. पुढे सगळ्या प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांनी हाती घेतला. सामाईक साधन लोक नियम करून सांभाळू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांवरून मांडलं आणि 2009 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. वाघाडच्या लाभक्षेत्रात तोच विचार चाऱ्यांतून वाहत होता. त्याच पाण्यावर आज द्राक्षबागा उभ्या आहेत.

असंच मोजमाप माणसाच्या आरोग्याचं आणि मातीचं करता येईल. ग्रेपनेटमध्ये बागेची नोंद आहे, फवारणीची वही आहे, नमुना घेणारा माणूस बागेत येतोच. त्याच भेटीत मातीचा आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना घेता येईल. त्याच नोंदणीशी फवारणी करणाऱ्या माणसाची हंगामाआधीची आणि हंगामातली रक्ततपासणी जोडता येईल. उक्त्या दरात हातमोज्यांसह लागणारा वेळ धरता येईल. बागायतदाराने तो दर द्यावा, आणि निर्यातदाराने तो द्राक्षाच्या भावात धरावा. परदेशातला दुकानदार मण्याबद्दल इतकं बारकाईने विचारतो. मण्यामागच्या हातांबद्दलही त्याने विचारावं, आणि आपण त्याने विचारायची वाट पाहू नये.

यासाठी नवं काही बांधायची गरज नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकला आहे. पाण्याची तपासणी करणारी महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘मेरी’, नाशिकला आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि त्याचं कृषी विज्ञान केंद्र नाशिकला आहे. पिंपळगाव बसवंतला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं द्राक्ष संशोधन केंद्र आहे. आरोग्य विद्यापीठ आणि मेरी तर एकाच दिंडोरी रस्त्यावर आहेत, आणि तो रस्ता पुढे थेट द्राक्षबागांत जातो. या संस्थांनी एका हंगामासाठी, एका गावात, एका वहीवर एकत्र काम करावं. मण्यातला अंश, मातीतलं तांबं आणि मजुराचं रक्त या तीन नोंदी एकाच पानावर आल्या, तर नाशिकच्या द्राक्षाबद्दल आपण खऱ्या अर्थाने काही जाणतो असं म्हणता येईल.